हिऱ्यांचं झालं काय?

भूशास्त्र विभागाने दगड कापायच्या यंत्रासाठी डायमंड ब्लेड मागितलं. नग एक. चूक विभागप्रमुखांचीच. हिशेब विभागाला जाणाऱ्या कागदावर 'डायमंड' हा शब्द लिहायचा नसतो, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कळायला हवं होतं.

फाइल शेरा घेऊन परत आली. हिरे किती कॅरेटचे? सराफाचा दाखला का जोडला नाही? रात्री ते कोणाच्या ताब्यात राहणार? सरांनी कळवलं, पात्याच्या कडेला कृत्रिम हिऱ्यांचे बारीक कण असतात, अंगठीत बसवण्यासारखं काही नाही. मग कणांचं वजन ग्रॅममध्ये मागवलं गेलं. तेवढ्यात कुणीतरी प्रामाणिकपणे लिहून बसलं, की वापरून पातं झिजतं. झालं! झिजलेले हिरे जातात कुठे? त्यांची नोंद डेडस्टॉकला की उपभोग्य वस्तूंत? निर्लेखन कोणाच्या सहीने? त्रिसदस्यीय समिती बसली. कापताना पात्यावर पाणी सोडतात असं कळल्यावर तिने प्रयोगशाळेच्या मोरीतला गाळ गाळून पाहण्याची शिफारस केली. चाळणीसाठी दरपत्रकं मागवली आहेत.

तोवर पोलरायझिंग मायक्रोस्कोप गवसणीत. दगडाचा काप घासत घासत ०.०३ मिलिमीटरवर आणला, की काळ्या बेसॉल्टमधूनही उजेड आरपार जातो, फेल्डस्पारचे काळे-पांढरे पट्टे चमकतात. पोरं ते भिंतीवरच्या तक्त्यात बघतात. धीट पोरं दगड घेऊन नाक्यावरच्या फरशीवाल्याकडे जातात. तो स्वयंपाकाच्या ओट्याचं काम थांबवून फुकट कापून देतो, वर विचारतो, "पॉलिश मारू का?"

अरे, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर तुमची अख्खी इमारत उभी आहे, आणि पायाखालच्या दगडाचा नखाएवढा काप पोरांना एम.एस्सी.च्या दोन वर्षांत मिळत नाही! मायक्रोस्कोपांच्या उद्घाटनाला किती शाली वाटल्यात? शालीला कधी समिती बसली? झिजलेल्या शालीचे धागे कुठे गेले, विचारलं कुणी?

दाराशी त्या उद्घाटनाची कोनशिला आहे, बिलात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून लावलेली. या नावाने बाजारात बहुधा डोलेराइट नाहीतर गॅब्रो विकतात. परवा एका पोराने विचारलं, "सर, हा खरंच ग्रॅनाइट आहे?"

सरांनी आधी हिशेब विभागाच्या खिडकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "काप काढून बघावा लागेल."