काशीस जावे, गळ न न्यावे

हौशी मंडळी मालवणला किंवा गोव्याला बोट ठरवून खोल समुद्रात मासे पकडायला जातात. पहाटे उठायचं, सगळ्यांनी वर्गणी काढायची, निम्म्यांनी उलट्या करायच्या आणि उरलेल्यांनी सुरमईची वाट बघायची. माझं म्हणणं असं की हाच उद्योग काशीला जास्त चांगला जमतो, कारण तिथे माशाची कटकट नाही. अस्सी ते राजघाट नाव ठरवा. मित्र, पहाट, नावाड्याशी घासाघीस, सगळं तेच; फक्त पोटातली कचोरी पोटातच राहते. ‘समुद्र कुठाय?’ हा आक्षेप वरवरचा आहे. समुद्रातला हिलसा, म्हणजे आपल्या कोकणातला पाला, पूर्वी गंगेतून काशी ओलांडून पार अलाहाबादपर्यंत चढत असे. 1975 साली फराक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि त्याची तीर्थयात्रा बंद पडली. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे मात्र अजून येतात. शेव विकणारा आपली होडी आपल्या नावेला चिकटवतो, पुडी हातात कोंबतो, ‘आओ, आओ’ अशी हाळी घालतो, आणि मूठ उघडायच्या आत डोक्यावर पांढरा गलका उडतो. आमिष टाकायची हौस फिटते, बोटात गळ रुतत नाही. तेलकट शेव पाखरांना बाधते ही तक्रार मात्र रास्त आहे. तिथे मी शेवेची वकिली करणार नाही.

‘पण मासाच नाही तर मासेमारी कसली?’ असं कोणी विचारील. अहो, परदेशातले पट्टीचे गळवालेसुद्धा तासभर झुंजून मार्लिन ओढतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. मासा हवा असतो तो खायला नाही, सांगायला. काशीत तर 1989 साली रामनगर ते राजघाट हा सात किलोमीटरचा पट्टा कासवांसाठी राखीव करून मासेमारीच बंद केली होती. पुढे ते अभयारण्य गेलं, पण विश्वनाथाच्या दारात गळ टाकून बसायची छाती आपल्या माणसाला होत नाही. आणि सांगायला तिथे काय कमी आहे? मासा सांगताना हात पसरावे लागतात आणि दर वेळी थोडे जास्तच पसरतात. नावेतला मराठी माणूस अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट असं बोटाने मोजत ‘निम्मी काशी आपलीच’ म्हणतो, तेव्हा त्याच्या थापेला निदान दगडी पायऱ्यांचा आधार असतो. विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाईंनी 1780 मध्ये उभारलं, हे तर थाप न मारताच सांगता येतं. प्रत्येक गळवाल्याच्या गोष्टीत एक निसटलेला मोठा मासा लागतो. इथे तोही आहे. बायजाबाई शिंद्यांचा घाट इतका भारी झाला की आपल्याच वजनाने नदीत खचला.

शेवटी ‘रात्री ताटात काय?’ हा मालवणी आक्षेप उरतो. त्यावर मला उत्तर सापडलेलं नाही. थंडीत कुल्हडमधलं मलइयो मिळतं, ते उत्तमच असतं. पण भाताबरोबर चालत नाही.