गौरीपर्यंतचा लाभांश

पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला दोन गोष्टी अचानक आवडायला लागतात : कारल्याचा रस आणि लाभांश. रस कशासाठी प्यायचा हे निदान डॉक्टर सांगतात. लाभांश कशासाठी, हे विचारणारं आमच्या घरात एकच माणूस आहे आणि ते बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेलं आहे.

"उद्दिष्ट काय?" हिने विचारलं.

"आर्थिक स्वातंत्र्य."

"कोणापासून?"

अशा प्रश्नाला संसारी माणसाने उत्तर द्यायचं नसतं. मी वही उघडली. पहिलं उद्दिष्ट सोसायटीचा मेंटेनन्स. महिना ४,००० म्हणजे वर्षाला ४८,०००. बाजारभावावर ३ टक्के लाभांश धरला (हेही जरा सढळ हातानेच), तर १६ लाखांचे शेअर हवेत. मी मुकाट्याने दुधावर उतरलो. दुधाला १२ लाख. वर्तमानपत्राचं बिल एका लाखात बसत होतं, पण लाख रुपये गुंतवून बाजार कोसळल्याची बातमी फुकट वाचायची, यात मला काही राम दिसेना.

"अगं, पण ही कंपनी ६०० टक्के देतेय!"

"कशावर?"

दर्शनी किमतीवर. ती १ रुपया. म्हणजे हातात ६ रुपये, आणि शेअर बाजारात ४०० ला. दीड टक्का. हिने काही न बोलता बचत खात्याचं पासबुक माझ्यासमोर सरकवलं.

मग मी बाजारभावावर ११ टक्के देणारी कंपनी शोधून काढली. हिने फक्त वर्षभरापूर्वीचा भाव विचारला. तो दुप्पट होता. लाभांश गेल्या वर्षीचा आणि भाव आजचा, असा तो भागाकार असतो. खालचा आकडा आपटला की उत्तर फुगतं. कंपनीला दानत सुटलेली नसते, तिला घरघर लागलेली असू शकते.

आमच्या इमारतीतल्या एका काकांचं मात्र उद्दिष्ट स्वच्छ आहे. ते रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशी शेअर ज्याच्या नावावर, लाभांश त्याचा) आदल्या दिवशी शेअर घेतात आणि लाभांश पदरात पाडतात. दुसऱ्या दिवशी भाव साधारण तेवढाच उतरून उघडतो. वर १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर घेणाऱ्यानेच भरायचा असतो. म्हणजे काका स्वतःचेच पैसे कर भरून परत आणतात. पण चेहऱ्यावरचा आनंद बघावा!

माझीही एक गुप्त महत्त्वाकांक्षा होती : एखाद्या कंपनीने आपला टीडीएस कापावा. वर्षाला ५,००० च्या वर लाभांश गेला की १० टक्के कापत. मी रांगत रांगत त्या रेषेजवळ पोचत होतो, तर एप्रिल २०२५ पासून सरकारने रेषाच १०,००० वर नेली. इतरांनी त्याला सवलत म्हटलं.

सासऱ्यांनी तर उद्दिष्टच ठेवलं नव्हतं. लाभांशाचे वॉरंट ते पोथीत खुणेला घालत. सात वर्षं न वटवलेले पैसे 'गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी'त जातात. संरक्षणाचं माहीत नाही, शिक्षण त्याच क्षणी होतं.

शेवटी हिनेच कॅशियरचा प्रश्न विचारला : "पैसे येतात कधी?"

मार्चला वर्ष संपतं, सप्टेंबरअखेरपर्यंत बहुतेक वार्षिक सभा उरकतात, मंजुरीनंतर ३० दिवसांत पैसे. म्हणजे बरेचसे श्रावण-भाद्रपदात.

"मग गणपतीचा खर्च!" मूर्ती, मखर, मोदक, गुरुजी : १२,०००. ४ लाखांचे शेअर, तेही हळूहळू जमवायचे. वहीत पहिल्यांदाच एक आकडा न खोडता राहिला.

"पण लाभांश द्यायचा की नाही, हे संचालक मंडळ ठरवतं," मी म्हटलं. "एखाद्या वर्षी नाहीच दिला तर?"

"आपल्याकडे गौरीबरोबर विसर्जन असतं. त्या वर्षी दीड दिवसाचा बसवू."

आतून आईचा आवाज आला, "आणि जास्त दिला तर अनंत चतुर्दशीपर्यंत स्वयंपाक कोण करणार, तेही लिहून ठेव त्या वहीत!"