पेशकारांची जर्मनी

परमुलखात गेल्यावर ज्यांच्या अंगात स्वतःचे गाव अधिकच संचारते असे गृहस्थ प्रत्येक जिल्ह्यात असतात, आणि ज्यांनी त्यांच्यासमवेत एखादी रात्र रेल्वेच्या डब्यात काढली आहे त्यांना अधिक वर्णनाची आवश्यकता नाही. परंतु आमच्या पेशकारांना दैवाने एक जादा सवलत बहाल केली आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण सामान्य परभणीकर घरच्या घरी उच्चारून समाधान पावतो. पेशकारांचे चिरंजीव मात्र नोकरीनिमित्त प्रत्यक्ष जर्मनीतच स्थायिक झाले, आणि त्या राष्ट्रावर हा प्रसंग ओढवला.

पेशकार हे त्यांचे आडनाव नव्हे, हुद्दाही नव्हे. निजामी अमदानीत त्यांचे आजोबा तहसिलीत पेशकार होते. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान गेले, उर्दू दफ्तर गेले, अव्वल तालुकदाराचा कलेक्टर झाला, तरी हा किताब नातवाकडे वतनासारखा चालत आला. मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात जीव रमेना म्हणून त्यांनी तेथील यूथ हॉस्टेलचे सभासदत्व घेतले, आणि एका उन्हाळ्यात मलाही आपल्यामागे ओढले.

पहिला मुक्काम आल्टेनाच्या किल्ल्यात. रिचर्ड शिरमान नावाचा शाळामास्तर १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीस निघाला असता वादळात सापडला, सर्वांना एका शाळेत गवतावर रात्र काढावी लागली, आणि सुटीत ओस पडणाऱ्या शाळा प्रवासी मुलांसाठी का उघडू नयेत, हा विचार त्याच्या मनात आला; त्यातूनच १९१२ साली या किल्ल्यात जगातील पहिले कायमचे यूथ हॉस्टेल उभे राहिले. तेथील जुन्या लाकडी बाजा पाहता पाहता ही हकीकत मी मोठ्या भक्तिभावाने सांगितली, तेव्हा पेशकार म्हणाले, "यात नवल ते काय? शेगावची पालखी परभणीस मुक्कामाला येते, तेव्हा वारकरी दुसरे कुठे निजतात?"

आपल्या गादीवर चादर आपणच घालावी, आपले ताट आपणच उचलावे आणि रात्री दहानंतर शांतता पाळावी, असा तेथील शिरस्ता. पहिली दोन कलमे पेशकारांनी निमूटपणे पाळली. तिसऱ्याची अंमलबजावणी त्यांच्या हयातीत होणे नाही. समोरच्या बाजेवर कोणी टेकला रे टेकला, की हैदराबादी उर्दूच्या वळणाच्या इंग्रजीत त्याला ती म्हण ऐकविली जाई, आणि त्याने सौजन्याने कारण विचारले की सुनावणी सुरू होई. मला खरा उबग आला तो येथे. कारण म्हण एकच असली तरी कारण प्रत्येकास निराळे मिळे. पोलंडच्या एका इंजिनियरास त्यांनी सांगितले की, दोन्हींचे माहात्म्य रेल्वेमुळे. आणि मनमाड–सिकंदराबाद मार्ग, परळीचा फाटा व पूर्णा जंक्शन यांचा नकाशा त्याच्याच वहीत काढून दिला. त्या गडबडीत त्या बिचाऱ्याची स्वतःची गाडी चुकली. कोरियाच्या मुलीला कापूस व काळी जमीन मिळाली. चिली देशाचा एक दाढीवाला तरुण क्रांतीविषयी तळमळीने बोलू लागला, तेव्हा पेशकारांनी त्याला मध्येच थांबवून 'परभणी क्रांती' आमच्या कृषी विद्यापीठाने केव्हाच घडवून आणली असे बजावले. ती भेंडीची जात असून हळद्या रोगास दाद देत नाही, हा खुलासा ऐकल्यावर तो तरुण बराच वेळ छताकडे पाहत होता.

"यातले खरे कारण कोणते?" मी एकदा चिडून विचारले.

"मिसलीवर शेरा पडला की कारण कोण विचारतो?" पेशकार म्हणाले.

सायकलीवरून हिंडणाऱ्या एका सेवानिवृत्त जर्मन शिक्षिकेने मात्र म्हण ऐकून घेऊन शांतपणे पृच्छा केली, की परभणी इतकी थोर असताना आपले चिरंजीव इकडे का बरे राहतात? पेशकार त्या रात्री दहाच्या आत निजले. परभणीची दुसरीही एक म्हण आहे: 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. बदलीवर येणारे अंमलदार ती आमच्या तोंडावर म्हणत आले. आमची पोरे ती तोंडाने म्हणत नाहीत, बारावी होताच पुण्याची गाडी धरतात. पेशकारांनी ती परदेशात कधी उच्चारली नाही.

त्याच मुक्कामात चिलीचा तो तरुण तापाने फणफणला, तेव्हा रात्रभर त्याच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या बदलत बसलेले पेशकार मी पाहिले आहेत. पहाटेपर्यंत त्यांनी परभणीचे नावदेखील काढले नाही. निघताना मात्र त्यांनी त्याला, त्या शिक्षिकेला आणि खोलीतील यच्चयावत मंडळींना आपला पत्ता सुवाच्य अक्षरांत लिहून दिला. एरवी त्या घराला कुलूप असते, किल्ली माझ्याकडे.

त्या पत्त्यावर आजवर एकच पाहुणी आली, ती म्हणजे ती शिक्षिका. आणि ती आली तेव्हा पेशकार मुलाकडे जर्मनीत होते. मी कुलूप काढून तिची व्यवस्था लावली, नेमगिरीची लेणी दाखविली, चारठाण्याची मंदिरे दाखविली, गंगाखेडला जनाबाईच्या गावी गोदाकाठी नेले, सर्व माहिती यथास्थित सांगितली. बाई सभ्यपणे ऐकत होती. परंतु परभणी दाखवावी ती पेशकारांनीच. ते माझे काम नव्हे.