साठ दिवसांत कायापालट : नवशिक्यांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

गेल्या काही वर्षांतला ज्यांचा सर्वांत जोरकस व्यायाम लिफ्ट बंद असताना झाला आणि ज्यांनी आता एकदम 'इन्सॅनिटी' करायचे ठरवले आहे, अशा स्त्री-पुरुषांसाठी हे मार्गदर्शन आहे. इन्सॅनिटी हा शॉन टी या अमेरिकन प्रशिक्षकाचा २००९ सालचा, व्हिडिओ बघून घरी करायचा व्यायामाचा कार्यक्रम. मुदत साठ दिवस, आठवड्यातून सहा दिवस व्यायाम, उपकरण एकही नाही. हे शेवटचे कलम मराठी मनाला विशेष भावते. जिमची वर्षाची फी वाचते आणि वाचलेल्या पैशांत बूट येतात.

प्रथम मुहूर्त. लोक सोमवार धरतात, आणि तिथेच घात होतो. अंग खरे आंबते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे बुधवारी, नेमके ऑफिसचा जिना उतरताना. तेव्हा आरंभ शुक्रवारी करावा. दुखण्याचा कळस शनिवार-रविवारी येतो आणि चहा हातात मिळतो. ज्यांच्याकडे अजून भारतीय बैठकीचे शौचालय आहे त्यांनी गुरुवारीच भिंतीला कडी ठोकून घ्यावी. घरातले जाणकार या दुखण्याचे खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडतील. ते बिचारे व्यायाम संपल्यावर तास-दोन तासांत निघून गेलेले असते. उडी मारून खाली येताना, बैठक मारून खाली जाताना स्नायू भार पेलत लांबतो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, तिचे हे दुखणे. तरीही जाणकारांनी लिंबूपाणी पुढे केल्यास ते प्यावे. वाद घालायला लागणारी ताकद तेव्हा शिल्लक नसते.

जागा. टीपॉय गॅलरीत जाईल. पंखा बंद ठेवावा किंवा हात वर नेताना त्याची आठवण ठेवावी. खालच्या मजल्यावरचे काका पहिल्याच आठवड्यात वर येऊन "मसाला कुटताय का?" असे विचारतील. त्यांना आत बोलावून व्हिडिओ दाखवू नये. बघून झाल्यावर ते सोसायटीच्या सचिवांकडे जातात. त्याऐवजी उडी असेल तिथे नुसते पाऊल टाकावे. दम थोडा कमी लागतो, पण गुडघे दुवा देतात आणि काकांची दुपारची झोप टिकते.

पहिल्या दिवशी परीक्षा असते : आठ प्रकार, प्रत्येकी एक मिनिट, आणि आकडे वहीत. अशीच परीक्षा पुढे साधारण दर दोन-तीन आठवड्यांनी. येथे सूचना अशी की पहिल्या दिवशी जीव तोडून आकडे वाढवू नयेत. प्रगती पुढे दाखवायची असते, तिला जागा ठेवावी.

आता मुख्य विद्या, म्हणजे थांबणे. नवशिका पडद्यावरच्या पिळदार मंडळींकडे बघून खचतो, कारण तो त्यांचे पोट बघतो. त्याऐवजी त्यांचे हात बघावेत. दर थोड्या वेळाने कोणी ना कोणी हात गुडघ्यांवर टेकून वाकलेला दिसतो. तो थांबला की आपण थांबावे. तो पुन्हा सुरू झाला की आपण पाणी प्यावे.

मुळात अशी जोर-विश्रांतीची झटापट आपल्यासारख्यांसाठी बेतलेलीच नव्हती. वीस सेकंद जोर आणि दहा सेकंद विश्रांती हा जगभर गाजलेला प्रकार जपानच्या स्पीड स्केटिंग संघाच्या सरावातला. संशोधक इझुमी ताबाता यांनी १९९६ साली त्यावर जो शोधनिबंध लिहिला, त्यातली मुले क्रीडा शाखेची, आधीच तयार अंगाची होती. आपण तोच प्रकार साबुदाण्याच्या खिचडीवर करतो. बर्पीचेही तसेच, म्हणजे खाली बसून हात टेकायचे, पाय मागे फेकायचे आणि पुन्हा उठायचे, त्या प्रकाराचे. रॉयल बर्पी या अमेरिकन गृहस्थांनी १९४०च्या सुमारास माणसाची तंदुरुस्ती झटपट मोजण्यासाठी ही चाचणी काढली. ती चारदा करायची आणि नाडी बघायची, संपले. पुढे सैन्याने ती उचलली आणि चाराचे किती झाले हे आपल्या मांड्यांना विचारावे.

यातले एक कलम मात्र थट्टेचे नाही. अतिश्रमानंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली किंवा स्नायू सुजून हलेनासे झाले, तर वही मिटून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्नायू फुटून त्यातली द्रव्ये रक्तात उतरली की मूत्रपिंडावर बेतते. छातीत दुखल्यासही पुढचा सेट करू नये.

आई म्हणेल, "नाचतोस कसला, बारा सूर्यनमस्कार घाल." तिच्या बाजूने इतिहास आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, आणि नमस्कारांचा आवाज खालच्या मजल्यावर जात नाही. पण सूर्यनमस्कारांत कोपऱ्यात उलटी मोजणी करणारे घड्याळ नसते, आणि घड्याळ दिसल्याशिवाय आजच्या माणसाला आपण व्यायाम करतोय असे वाटत नाही. यास्तव आईला 'हो' म्हणून आपलेच चालू ठेवावे.

चौथ्या आठवड्याच्या आसपास गणपती, लग्न किंवा पाहुणे येतील. खाडा झालेल्या दिवसाचे दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये. ती हप्त्यांची पद्धत शरीराला मान्य नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी सवय लागायला किती दिवस लागतात याचा अभ्यास केला. उत्तर कुणाचे १८ दिवस, कुणाचे हिशेबाने २५४, मध्यक ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. म्हणजे तक्त्यावरच्या लाल फुलीपुढे रडण्याचे कारण नाही. मात्र कार्यक्रम साठाव्या दिवशी संपतो, आणि उरलेले सहा दिवस ज्याचे त्याने बघायचे आहेत.

सरतेशेवटी सामाजिक परिणाम. दोन-तीन किलो उतरले की पहिल्याच लग्नात आत्या गालांकडे बघून विचारतील, "काय रे, बरं नव्हतं का? शुगर तपासलीस?" येथे कार्यक्रमाचे नाव सांगू नये. सांगितल्यास पंगत उठण्याआधी चार पोरे गोळा होऊन "करून दाखवा" म्हणतात. पोटात मठ्ठा आणि जिलेबी असेल तर सरळ "हो, टायफॉइड झाला होता" असे सांगून विषय मिटवावा.