चौकट आहे, दार नाही

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना चौकट असते, दार नसतं. परगावचे भाविक याचं केवढं नवल करतात! त्यांच्याच कचेरीतले राउटर आणि स्विच तसेच सताड उघडे असतात, त्याचं मात्र कुणाला काही नाही.

नेटवर्कवर देखरेख ठेवायची जुनी रीत म्हणजे एसएनएमपी, जन्म १९८८. देखरेखीचं सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी प्रत्येक यंत्राला विचारतं: वाहतूक किती, चुका किती, चालू कधीपासून? यंत्र सगळं सांगतं, फक्त परवलीचा शब्द हवा. कारखान्यातून येताना तो बहुधा ‘पब्लिक’ असायचा. सेटिंग बदलायला ‘प्रायव्हेट’. वर पहिल्या आवृत्तीत हा शब्द तारेवरून उघडाच फिरतो, दुसरीच्या रुळलेल्या रूपातही तेच. तिसरी आवृत्ती २००२ साली प्रमाण ठरली. तिच्यात ओळख पटवणं आलं, मजकूर गुप्त ठेवणं आलं. पण ती लावायला वेळ लागतो, आणि टेंडरात वेळेचा रकाना नसतो.

शिंगणापूरकरांचा निदान हिशेब पक्का आहे: चोरी झाली तर शनिदेव बघून घेतील. युको बँकेनं २०११ मध्ये तिथे बिनकुलपाची म्हणून गाजलेली शाखा उघडली, तीही काचेचं दार लावून. बँकेची श्रद्धा अशी सावध.

सर्व्हर रूमवाल्यांची श्रद्धा त्याहून गाढ. खोलीला कुलूप, कुलपाला सील, सीलवर साहेबांची सही. आतल्या स्विचला ‘पब्लिक’. ऑडिटवाले येतात, सही तपासतात, चहा घेतात, जातात.