आलापल्लीचा माल हाय!

२९ मार्च २०२३ रोजी बल्लारपुरातून सागवानाची शोभायात्रा निघाली. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी निवडलेल्या लाकडाचं पूजन झालं, वाजतगाजत त्याला निरोप मिळाला. उत्तम माल उत्तम जागी गेला, आनंदच आहे. प्रश्न एवढाच, की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या घरांच्या चौकटींना काय उरलं?

दलालाकडे उत्तर तयार असतं. घर दाखवताना तो चौकटीवर थाप मारतो. "भाऊ, आलापल्लीचा माल हाय. नातवाले पुरते." झालं! गिऱ्हाईक खूश. गडचिरोलीच्या जंगलातलं आलापल्लीचं सागवान म्हटल्यावर पुढे विचारायचं म्हणजे गंगेला पाणी शुद्ध आहे का विचारण्यासारखं.

थाप मात्र तो छातीच्या उंचीवर मारतो. खाली, जिथे चौकट फरशीत रोवलेली असते आणि रोजच्या पोछ्याचं पाणी मुरतं, तिथे कुणी वाकत नाही. वाळवी जमिनीतून येते. छातीपर्यंत चढायची तिला घाई नसते. जुन्या वाड्यांचे खांब दगडी तळखड्यावर उभे असत, म्हणून लाकूड आणि मातीची गाठ पडत नसे. आपण तळखडा काढला आणि ऑइलपेंट आणला. रंगाला वाळवी तोंड लावत नाही, हे खरं. ती आतलं सगळं फस्त करते आणि वरचा रंगीत पापुद्रा तेवढा शाबूत ठेवते. विक्रेत्याला एवढी मदत तर दलालही करत नाही.

आता सागवानाला वाळवी लागत नाही म्हणतात, ते गाभ्यापुरतं. जुन्या झाडाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, ते तिला मानवत नाही. सालीलगतचं पांढरट लाकूड ती आवडीने खाते, आणि कोवळ्या झाडात पांढरटच जास्त. पण बाजारात दोन्हींचं नाव सागवानच. रंगाचे दोन हात दिले की दोन्ही आलापल्लीचे.

घर घेणारा काही गाफील नसतो. सात-बारा बघतो, जमीन वर्ग दोनची तर नाही ना हे तलाठ्याला विचारतो, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढतो. स्वयंपाकघर आग्नेयेला नसेल तर भिंत पाडायची तयारी ठेवतो. बँकेचा माणूस येतो, फूटपट्टीने क्षेत्रफळ घेतो, चहा पितो, जातो. पेचकस घेऊन चौकटीच्या पायाला एकदा टोचून बघावं, भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसते का पाहावं, कवेलूखालचे फाटे ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकावं, हे कुणी सुचवलं तर घरमालकाचा अपमान होतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या घरकर्जासाठी अनेक राज्यांत वाळवीची तपासणी लागते. आपल्याकडे वास्तुशांत लागते.

कायदा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला मोठा छुपा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. मात्र घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊन तो सापडण्यासारखा नसावा. म्हणजे कोर्टात पहिला प्रश्न तुम्हालाच: वाकून का नाही पाहिलं? विकणारा तर बोलूनचालून अजाण. "आमच्या घरात वाळवी? आम्हाले तर कधी दिसली नाही जी!" बरोबरच आहे, रंग महिनाभरापूर्वी दिलेला.

मुहूर्तही मोठा हिशेबी असतो. सौदे अक्षय्य तृतीयेला, म्हणजे भर उन्हाळ्यात. मृगाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे घिरट्या घालतात आणि सकाळी खिडकीच्या पट्टीवर गळालेल्या पंखांचा सडा. तोवर रजिस्ट्री होऊन गेलेली असते. अक्षय्य तृतीयेला घेतलेलं संपत नाही म्हणतात. वाळवी त्याच दिवशी घेतलेली असते.

मग फवारणीवाला येतो, भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडतो, आणि नवी शहाबादी बघून घरची लक्ष्मी रडते. दलालाला फोन लावावा तर तो दुसऱ्या चौकटीवर थाप मारत असतो.

तेव्हा कुठे माणूस खरेदीखत नीट वाचतो. पहिल्या पानावर मिळकत निर्वेध आणि निजोखमी. पुढे, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप व तदंगभूत वस्तूंसह. वाळवी या तदंगभूतात बसते. तिचं मुद्रांक शुल्कही आपण भरलेलं असतं.