माळ्याखाली वायर कायमची गाडण्याची शास्त्रोक्त पद्धत

खोलीत दिवा लागतो, पंखा फिरतो, पण वीज कुठून येते हे घरात कुणालाच ठाऊक नसावे, ही खानदानी घराची पहिली खूण. मालेगावात हे साधणे तसे सोपे. कुठे जुना कडीपाट, कुठे लोखंडी अँगलवर प्लायवूड. खाली माग खटखटतोय आणि वर माळ्यावर सुताचे कोन, मोडके धोटे, तीन पिढ्यांच्या गोधड्या. एवढे सामान उचलून फळी उघडायला येतो कोण?

पहिले पथ्य म्हणजे वायरमन आणि सुतार यांची गाठ पडू देऊ नये. वायरमनने वायर कडीच्या वरच्या अंगाला खाच पाडूनच न्यावी. तीन इंची खिळा इंचभर फळी ओलांडून दोन इंच कडीत शिरतो. वायर वरच असली की त्या बिचाऱ्याला फार शोधावे लागत नाही. नीट लागला तर दिवा लगेच जातो. निसटता लागला, तर पुढच्या पावसाळ्यात कळते. स्क्रू मात्र वापरू नयेत. ते काढता येतात.

जॉइंट फळीखालीच हवा. दोन तारा पिळाव्यात, वर काळी टेप गुंडाळावी आणि विसरून जावे. मागाच्या थरथरीने पीळ सैल होतो आणि सैल जॉइंट तापतो. एमसीबी आहे ना, असे म्हणून निर्धास्त राहावे. एमसीबी पडतो तो प्रवाह वाढला की. इथे प्रवाह तेवढाच राहतो, फक्त जॉइंट तापत जातो. वर उडालेली रुई फटीफटींतून साचलेली असतेच, बाकी व्यवस्था तीच पाहते. उंदरांचे दात आयुष्यभर वाढतात, तेव्हा त्यांनाही काही कुरतडायला लागते. उघडी वायर ठेवावी, पाइपात घालून त्यांची गैरसोय करू नये.

काही भित्री माणसे वेगळेच करतात. वायर पाइपातून, कडीच्या वरच्या काठापासून खिळा पोहोचणार नाही इतक्या खाली भोक पाडून नेतात. प्रत्येक जॉइंट डबीत, आणि डबीवरची फळी दोन्ही टोकांनी कडीवर टेकेल अशी आखूड कापून स्क्रूने बसवलेली. त्या फळीवर रंगाचा ठिपका. त्यावर पेटी ठेवायची नाही, असा घरात कायदा. फळ्या मारण्याआधी मोबाइलवर फोटो, फोटोत मोजपट्टी दिसेल असा. वर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. इतकी उस्तवार करून पदरात काय, तर वायरमन आला की अर्ध्या तासात काम उरकून निघतो. आपल्यासारखा दोन दिवस मुक्काम नाही, सुताराला बोलावणे नाही, शेजाऱ्यांची गर्दी नाही.

तुम्ही कुठल्याही पंथाचे असा. फळीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा आणि टेस्टर लावून बघा. एवढे मात्र गंमत सोडून सांगतो.